पाणी उतरायला वेळ आहे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि ओळखत असलात, तरी आता या वयात तुम्ही माझं काय वाकडं करणार?

आधी माझी खोड सांगते. मला चौकशा फार. लहानपणी वडील म्हणायचे, या पोरीच्या तोंडात जीभ नाही, प्रश्न आहेत. वडील उरणकडे मिठागरावर होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, मग दारं लावायची, हे त्यांचं काम. त्यामुळे पाण्याचं गणित मी पाळण्यातच शिकले म्हणा ना. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. बारस असेल तर बारा त्रिक छत्तीस, छत्तीसाला चाराने भागलं की नऊ — म्हणजे नऊला भरती. एवढंच. पण हे एवढंच माझ्या सासरच्या दारात फार मोठं झालं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

सासर तळवलीच्या अलीकडे. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागूनच आमचं घर. आज तिकडे गेलात तर काही सापडायचं नाही, सगळी नवी मुंबई झाली. तेव्हा एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खाडी. रस्त्यावरून दिवसाकाठी मोजक्या गाड्या. प्रत्येक गाडी कुठून आली, कुठे चालली, आत कोण बसलंय, हे मला कळल्याशिवाय चैन पडत नसे. सासूबाई म्हणायच्या, "हिला नाक्यावर बसवा, जकात गोळा करंल."

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. ठाण्याच्या एका हायस्कुलाने रस्त्याकडेच्या गावांतल्या मुलांसाठी गाडी सुरू केली. कुठूनतरी आणलेली जुनी निळी गाडी. चढताना कुरकुरायची, उतरताना शिंकायची. माझा दत्तू पाचवीत गेला होता. त्याचं नाव गाडीच्या यादीत आलं त्या दिवशी मी साखर वाटली. मुलगा शिकणार याचा आनंद होताच, पण खरं सांगू? रोज सकाळी दहाला ती गाडी माझ्या घरासमोर थांबणार, याचा आनंद त्याहून जास्त होता. दत्तू अकरा वर्षांचा घोडा. त्याला गाडीत बसवून द्यायला आईची काय गरज? पण मी रोज जायचे. गाडीच्या आत डोकावायचे. हॉर्नचा रबरी फुगा एकदा दाबूनसुद्धा पाहिला.

ड्रायव्हर होता सातारकडचा. जाधव. उंच, काळा, अबोल. खाडीचं पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "आमच्याकडं नदीला पूर येतो, वैनी, पर असं रोज घड्याळ लावून पाणी येत न्हाई." मी त्याला बोटांवर गणित करून दाखवलं. तो बघतच राहिला. मला इतकं बरं वाटलं! मी ज्याला काहीतरी शिकवलं, असा आयुष्यातला तो पहिला मोठा माणूस.

आता यमूचं सांगायला हवं. सांगायला हवं म्हणते आणि बघा, दोन पानं झाली तरी गाडी, हॉर्न आणि जाधवच चाललंय.

रस्त्यापासून खाडीकडे, खाडीच्या एका फाट्यापलीकडे कोळ्यांचा पाडा होता. मधे दगडांची वाट. भरतीला ती वाट पाण्याखाली जाई, ओहोटीला वर येई. पाड्यावरून शाळेला येणारी यमू एकटीच. आठवीत होती. तिची आई पदीबाय माझ्याकडे मासळी घेऊन यायची. तिनेच नवऱ्याशी भांडून पोरीला शाळेत घातलं होतं. नवऱ्याने एक अट घातली होती — गाडी हाय तवर शाळा. गाडी गेली की बस झाला. पोरगी तरणी होत चालली, तिला पायी किंवा दुसऱ्या कुणाच्या गाडीने तो पाठवणार नव्हता. हे पदीबायने मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. हे लक्षात असू द्या, कारण पुढे मी कदाचित ते विसरल्यासारखं बोलेन.

बहुतेक दिवस यमूची काही अडचण नसे. गाडीच्या वेळेला वाट कोरडी असे. तेरस-चौदसला पाणी उशिरा चढायचं, ती आधीच येऊन थांब्यावर बसायची. पंचाईत फक्त बारशीची. बारशीला नऊची भरती. आठपासून वाट पाण्याखाली, ती उघडी पडायला सव्वादहा. आणि आठच्या आत तिला निघता येत नसे, कारण पदीबाय पहाटेच टोपली घेऊन बाहेर पडे आणि धाकट्या तिघांचं सगळं यमूच्या अंगावर. म्हणजे पंधरवड्यातून एक दिवस गाडीने पंधरा मिनिटं थांबायला हवं. जाधवला वाटेत थांबायचा हुकूम नव्हता. पण तो थांबायचा. थांबा खाडीच्या बांधाच्या अलीकडे, खाली होता, गाडीतून पाणी दिसत नसे. मी बांधावर उभी राहायचे. तो खालून विचारायचा, "किती येळ हाय अजून, वैनी?" मी सांगायचे — दहा मिनिटं, पाच मिनिटं, आली बघा. मग त्या पंधरा मिनिटांची भरपाई तो पुढे गाडी दामटून करायचा.

यमू लवकर यायची त्या दिवशी आम्ही दोघी थांब्यावर बसून असायचो. मी चौथी शिकलेले. पुढे शिकायचं होतं, पण लग्न झालं. यमूच्या दप्तरातलं प्रत्येक पुस्तक मी उघडायला लावायचे. तिने मला नकाशा दाखवला. आपली खाडी त्यात कुठे आहे म्हटलं, तर तिने नखाने एक रेघ दाखवली. म्हणाली, "ही दिसते ना बारीक, ती आपली खारी, काकी." शाळेत एका खोलीत काचेच्या नळ्या आहेत, त्यात रंग बदलतो, हे तिनेच मला सांगितलं. कसा बदलतो? का बदलतो? ती म्हणायची, पुढच्या वर्षी शिकवतील, मग सांगते. तिने मला कधी "तुला काय करायचंय" असं म्हटलं नाही. घरात ते मी दिवसातून चारदा ऐकायचे.

मला ती आवडायची. हेही लक्षात असू द्या.

गाडीचा एक नियम होता. एका सत्रात तीन वेळा मूल थांब्यावर नसलं, तर त्याचं नाव यादीतून जाई. जागेसाठी मागे मुलं खोळंबलेली होती. कारकुनाचा कागद सगळ्या घरांत आला होता. मी तो दोनदा वाचला. कुठलाही कागद मी दोनदाच वाचते.

मार्गशीर्षातली बारस होती. सकाळी घरात कशावरून तरी बोलणं झालं होतं. काय ते आठवत नाही, माझं कुणी ऐकलं नव्हतं एवढंच आठवतं. पण ते तर रोजचं होतं. कोणती भाजी करायची हेसुद्धा मला विचारून ठरत नसे. तेव्हा त्याचं कारण पुढे करत नाही. मी बांधावर चढले. पाणी नेहमीसारखं होतं. पलीकडे यमू उभी होती, हातात चपला. जाधवने खालून विचारलं, "किती येळ?"

आणि माझ्या मनात आलं — मी जर म्हटलं, जा, तर ही गाडी जाईल?

खरंच एवढंच आलं मनात. हॉर्नचा फुगा दाबून पाहावा, तसं. एवढी मोठी लोखंडी गाडी, आत पंचवीस पोरं, तो सहा फुटी माणूस — आणि माझा एक शब्द. मी म्हटलं, "पाणी उतरायला वेळ आहे. अर्धा-पाऊण तास. जा तुम्ही."

गाडी गेली.

लगेच वाईट वाटलं का? नाही. तेच तर सांगायचं आहे. आधी अंगावर काटा आला, पण तो सुखाचा होता. मी बांधावर उभी, आणि रस्त्यावर धूळ उडवत गाडी माझ्या शब्दावर चालली होती. मग मी पलीकडे पाहिलं. यमूने चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि ती पाड्याकडे वळली. तेव्हा वाईट वाटलं. एका दिवसाने काय होतंय, असं स्वतःला म्हणून मी घरात गेले. त्या दिवशी मी भाकऱ्या फार चांगल्या केल्या होत्या, असं सासूबाई म्हणाल्याचं आठवतं.

संध्याकाळी मला धास्ती होती. कोळणीला पाणी कधी उतरलं हे का मी सांगायचं? पदीबायला कळणारच की पंधरा मिनिटांचं काम होतं. पण तिने माझ्यावर संशय घेतला नाही. तिने जाधवलाच समजून घेतलं. म्हणाली, "डायवर तरी किती वाट बगंल? त्याची नोकरी हाय." माझ्या पदरात चार बोंबील जास्तीचे टाकून गेली.

मग दुसऱ्यांदा. पौषातली बारस. त्या वेळी मनात कुतूहल होतं का? गाडी जाते हे तर आता माहीत होतं. मग काय पाहायचं राहिलं होतं? मी यावर फार विचार केला आहे. रात्री नाही, दिवसाच, तांदूळ निवडताना. यमूचा मत्सर वाटत होता का? ती शिकतेय, मी राहिले? कदाचित. पण मत्सर असता तर तिच्या शेजारी बसून मी इतकी सुखात कशी असायचे? दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला विचारलंसुद्धा, काल काय चुकलं तुझं? गणिताचा धडा चुकला म्हणाली. तो तिने मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतला आणि मला समजावून सांगितला. मी मान डोलावली. इतकी कोडगी कशी मी?

तिसऱ्या वेळेचं पुढे सांगते. आधी त्यानंतर काय झालं ते सांगते, ते सोपं आहे.

तिसरी बारस माघातली. त्यानंतर चार दिवसांनी कारकुनाची चिठ्ठी आली आणि यमूचं नाव कमी झालं. तिच्या जागी पलीकडच्या गावातला कुणाचा तरी मुलगा बसू लागला. पदीबाय माझ्याकडे आली. टोपली बाहेरच ठेवून आली होती, म्हणजे विकायला नाही, बोलायला आली होती. ओट्यावर बसली. हात जोडले नाहीत तिने, पण हात मांडीवर असे ठेवले की मला ते बघवेनात.

"वयनी, पोरीचा नाव काटलान. तू सांग ना गं त्या डायवरला. त्यानं शालेत जाऊन बोलला का, पानी व्हता म्हनून, तर आयकतील. तुजा आयकतो तो."

माझं ऐकतो तो. तिने नेमके हेच शब्द वापरले.

मी तेव्हा सांगू शकले असते. चिठ्ठी येऊन एकच दिवस झाला होता. जाधव शाळेत गेला असता, मी गेले असते, हेडमास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं असतं — काय झालं असतं? सासूबाईंनी जन्मभर ऐकवलं असतं. गावात तोंड काळं झालं असतं. दत्तूला पोरांनी चिडवलं असतं. बस, एवढंच झालं असतं. मी पदीबायच्या हातांकडे बघत म्हटलं, "सांगितलं गं मी त्याला. तीनही वेळा सांगितलं, थांबा म्हणून. ऐकत नाही मेला."

ती उठली. "घाटावरचा मानूस," म्हणाली, "त्याला काय आमचा." त्यानंतर पदीबायने जाधवशी बोलणं टाकलं. आधी ती त्याला अधूनमधून सुकट द्यायची, त्याला शिजवता येत नाही म्हणून आम्ही दोघी हसायचो. आता रस्त्यात दिसला तरी ती मान फिरवायची. त्याला कळेना आपलं काय चुकलं. मला विचारलं त्याने, "पदीबाई रागावल्यात का?" मी म्हटलं, असेल काही घरचं.

पुढच्या बारशीला तो गाडीतून उतरला आणि पहिल्यांदाच स्वतः बांधावर चढला. थांबायचं आता काही कारण नव्हतं, तरी थांबला. सव्वादहाला दगड उघडे पडले. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "सव्वादहालाच उतरलं की, वैनी." मी म्हटलं, वाऱ्यावर असतं ते. वारा असला की पाणी उशिरा उतरतं. हे खोटं नाही, वाऱ्याने पाणी अडतं. पण त्या तीन दिवसांत वारा नव्हता. तो "व्हय" म्हणाला आणि खाली उतरला. त्यानंतर त्याने मला पाण्याबद्दल काही विचारलं नाही. दुसऱ्याही कशाबद्दल विचारलं नाही. वर्षभराने तो गेला, दुसरा ड्रायव्हर आला.

यमू आईबरोबर टोपली घेऊन फिरू लागली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं.

आता तिसरी बारस.

त्या दिवशी मी बांधावर चढले तेव्हा दहा वाजत आले होते. पलीकडच्या काठावर यमू नव्हती. मला वाटलं, आज आलीच नाही. मग दिसली. ती पाण्यात होती. तिसरी खेप आहे हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून पाणी उतरायची वाटच न पाहता ती निघाली होती. दप्तर डोक्यावर, एका हाताने धरलेलं, दुसऱ्या हाताने परकर वर घेतलेला. पाणी मांडीपर्यंत. पायाने दगड चाचपत, एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल. अर्ध्याहून जास्त वाट तिने काढली होती. फार तर पाच मिनिटं लागली असती तिला.

खाली गाडी येऊन थांबली. दत्तू चढला. जाधवने विचारलं, "किती येळ हाय?"

यमूने मान वर केली. तिने मला बांधावर पाहिलं आणि ती हसली. दोन्ही हात अडकलेले होते म्हणून हाक मारली तिने, "काकी, थांबवा, आली मी!" गाडीचं इंजिन चालू होतं, खाली ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला ऐकू आलं. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

मी तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे बघत बघतच मी म्हटलं, "पाणी उतरायला वेळ आहे. जा."

का? मला माहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना का विचारत आले, आणि माझ्या स्वतःच्या या एका 'का'चं उत्तर माझ्याकडे नाही. पाणी उशिरा उतरलं, मी चुकले, अंदाज हुकला — असलं काही मला म्हणता येणार नाही. मी तिला पाहिलं होतं. तिने हातही हलवला असता, पण दप्तर भिजलं असतं.

गाडी निघाली तेव्हा मी हात वर केला होता. ड्रायव्हरला जा म्हणून करतात तसा. यमूला बांधापलीकडची गाडी दिसली नसेल, पण आवाज लांब जाताना ऐकू आला असेल, आणि माझा तो हात तर दिसलाच. ती तिथेच उभी राहिली, मांडीभर पाण्यात. हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, जायला त्याला वेळ लागला. मी बांधावरून खाली उतरले.

म्हणजे पदीबाय माझ्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा यमूला सगळं माहीत होतं. मी काय केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तिने आईला सांगितलं नव्हतं. नाहीतर आई माझ्याकडे आलीच नसती. मी ड्रायव्हरवर घातलं, ते आईने घरी जाऊन तिला सांगितलं असणार. तरीही ती बोलली नाही. ना तेव्हा, ना नंतर. लग्नाआधी मासळी घेऊन माझ्या दारात यायची. मासे निवडून द्यायची, मोठे मोठे. मी घ्यायचे.

तिचं माहेरपण असलं की भेटते अजून. तिचेही केस पांढरे झाले. मला अजून काकीच म्हणते. तिच्या नाती शाळेत कुठल्या गाडीने जातात, गाडीला किती वाजता निघावं लागतं, आत पंखा आहे का, सगळं मी तिला विचारते. ते एक सोडून सगळं विचारते. ती सगळ्याची उत्तरं देते, सावकाश, मला समजेल अशी. बोलताना ती माझ्याकडे बघते, आणि मी तिच्या हातांकडे बघत राहते.